जिनतआपाची बहीण

जिनत शेख ही बाई पहिल्या भेटीत मला अजिबात आवडली नव्हती. शनिवार पेठेत महापालिकेची एक बंद पडलेली शाळा आहे. तिच्या तळमजल्यावर बेघर बायकांचा निवारा सुरू झाला आणि तिथे काळजीवाहक म्हणून या बाईंची कंत्राटावर नेमणूक झाली. मी क्षेत्रीय कार्यालयातली वरिष्ठ लिपिक. तपासणीला गेले, नोंदवही उघडली, तर तीन बायकांच्या नावाचे रकाने कोरे.

"हे काय?" मी विचारलं.

"अजून विचारलं नाही, मॅडम."

"विचारलं नाही म्हणजे?"

"तीन दिवस मी नाव विचारत नाही. रस्त्यावरून आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी नाव विचारलं की ती घाबरून कुठलंही सांगते. मग आपण त्याच नावाने हाका मारत बसायचं आणि ती ओ देणार नाही. चौथ्या दिवशी ती आपणहून सांगते."

मी म्हटलं, सरकारी काम पहिल्या दिवसापासून नावावर चालतं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मग सरकारला सांगा, चार दिवस थांब म्हणून." मी तिच्याविरुद्ध शेरा मारला आणि चहा न घेता परत आले. तो शेरा अजून त्या वहीत आहे.

पुढे वर्षभर दर आठवड्याला तिथे जावं लागलं आणि मॅडम-शेखबाई यावरून आमचं आनंदीताई-आपा कधी झालं ते कळलं नाही. आपा पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, दुपट्ट्याच्या टोकाला सेफ्टीपिनने किल्ल्या अडकवलेली. आधी अठरा वर्षं एका प्रसूतिगृहात आया होती, तीही कंत्राटावरच. इतक्या बाळंतिणींचं ओरडणं ऐकल्यावर तिला कुणाच्याच ओरडण्याची भीती उरली नव्हती. नवरा बरीच वर्षं असून नसल्यासारखा होता, मग खरोखरच नाहीसा झाला. ती घोरपडे पेठेत भावाकडे राहायची. भाऊ सिराज मोटारी वाइंडिंग करून देतो. त्याची बायको तरन्नुम, दोन मुलं आणि आपा, अशी पाच माणसं दीड खोलीत.

निवाऱ्याची क्षमता चोवीस आणि बायका एकतीस. तरी तिथे भांडणं कमी. आपाने प्रत्येकीला काही ना काही काम नेमून दिलं होतं. एकीने फुलपात्रं मोजायची, दुसरीने दाराशी बसून कोण आलं, कोण गेलं ते सांगायचं. जिला काहीच जमत नसे तिने आपाला रोज सकाळी आज वार कोणता ते विचारायचं. हेही काम, आणि त्यात खाडा झालेला आपाला चालत नसे.

माझं काम वेगळं. शहरात बेघर किती, किती निवाऱ्यात आले, किती घरी गेले, याचा अद्ययावत अहवाल दर महिन्याला मी करते. खरं सांगायचं तर गेल्या महिन्याच्या आकड्यात थोडा फेरफार करते. खरा आकडा पुलाखाली बसलेला असतो आणि त्याच्याकडे जायला कुणाला सवड नसते. आमच्या कार्यालयात रिकामा रकाना म्हणजे पाप. चुकीचा भरलेला खपतो. छत्तीस वर्षांत मी हेच शिकले आणि नव्याने लागलेल्यांना हेच शिकवलं.

मुक्ताई निवाऱ्यात आली तेव्हा तिच्या अंगावर दोन स्वेटर होते आणि महिना ऑक्टोबरचा होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. पाचव्या दिवशी तिने नाव सांगितलं. आडनाव नाही. गाव विचारलं की म्हणायची, "धरणाच्या पल्याड हाय." धरणाच्या पलीकडे गावं काय थोडी आहेत? पण मेथी निवडावी तर तिनेच. एक पान वाया जायचं नाही आणि एक काडी भाजीत जायची नाही. दीड वर्षं ती निवाऱ्याची भाजी निवडत होती. या काळात तिला शोधत कुणीही आलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये तिला नळातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली.

"खडकवासल्यातनं येत्यात," ती आपाला सांगायची. "पाण्याबरूबर येत्यात आन् माझं नाव घेत्यात."

आधी तिने नळांना चिंध्या बांधल्या. मग पाणी पिणं सोडलं. आपाने ताक दिलं, शहाळं दिलं. कलिंगड एक दिवस खाल्लं, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "यातबी पानीच हाय." त्या आठवड्यात ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ फुटून रक्त आलं आणि तिला उठून बसवेना.

योगायोग असा, की महिन्याभरापूर्वीच महापालिकेने मानसिक आजाराच्या संकटसेवेचा विस्तार केला होता. एक मदतवाहिनी, एक गाडी आणि दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आठ खाटांचा संकट कक्ष. फीत कापली त्या दिवशीच्या भाषणातले आकडे मीच काढून दिले होते. आपाने फोन केला आणि गाडी चाळीस मिनिटांत आली. हे मुद्दाम सांगते, कारण नावं ठेवायला आपण सगळे पुढे असतो. डॉक्टर तरुण होती, समजूतदार होती. पण मुक्ताई संमती द्यायच्या स्थितीत नव्हती, म्हणून सही हवी होती. एक तर नातेवाइकाची, नाही तर विभागाचं पत्र.

पत्राला आमच्याकडे चार दिवस लागतात. अर्ज, टिपण, साहेबांची सही, जावक क्रमांक. ते पत्र काढणारी लिपिक मीच. साहेब त्या दिवशी दिवसभर बैठकीत होते.

आपाचा फोन आला. "आनंदीताई, डॉक्टरीण म्हणते चार दिवस हिच्याकडे नाहीत."

मी दुसऱ्याच एका तक्त्यात बुडाले होते. नजर न उचलता म्हणाले, "नात्याच्या रकान्यात बहीण लिहा आणि सही करून मोकळ्या व्हा. कोण बघतंय?"

आणि खरोखरच कुणी बघितलं नाही. रुग्ण मुक्ताई, आडनाव माहीत नाही. नातेवाईक जिनत शेख. नातं सख्खी बहीण. त्या कागदावर तीन ठिकाणी शिक्के बसले, पण सख्ख्या बहिणीचं आडनाव बहिणीला कसं माहीत नाही, असं एकाही शिक्केवाल्याने विचारलं नाही. मला संध्याकाळी घरी हे आठवून हसू आलं. सलाइन लागलं, औषधं सुरू झाली आणि चौथ्या दिवशी मुक्ताईने सीलबंद बाटलीतलं पाणी घेतलं. एक जीव वाचला. रकाना भरल्याचं सार्थक झालं, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी सौरभ माझ्या टेबलाशी आला. खराडीच्या कुठल्याशा कंपनीने आम्हाला आकड्यांचा डॅशबोर्ड करून दिला आहे आणि तो सांभाळायला हा मुलगा सोमवारी येतो.

"मॅम, काँग्रॅट्स. तुमची मुक्ताई केस ग्रीन झाली."

"म्हणजे?"

"फॅमिली डिटेल्स फिल झाले ना. सिस्टिमने ऑटोमॅटिक रिहॅबिलिटेटेड दाखवलं. क्रायसिस युनिटची फर्स्ट केस. सर एकदम खूश आहेत."

"अरे, ती अजून दवाखान्यात आहे."

"हो, पण सिस्टिममध्ये ती घरी आहे."

"मग बदल ते."

"ग्रीनचं रेड करायला वरून अ‍ॅप्रूव्हल लागतं, मॅम," तो अगदी मनापासून म्हणाला. "रेडचं ग्रीन मी इथूनच करतो."

साहेबांनी बैठकीत तो हिरवा ठिपका मोठ्या पडद्यावर दाखवला. बेघर महिलेचं कुटुंबात पुनर्वसन, एक. टाळ्या वाजल्या. मग निवाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या समितीतल्या एका सदस्यांनी तो कागद वाचला, आणि आमच्याकडे कागद वाचणारं माणूस फार महागात पडतं. त्यांनी विचारलं, ही निवाऱ्याच्या काळजीवाहक बाईंची सख्खी बहीण असेल तर दीड वर्षं ती बेघर म्हणून निवाऱ्यात कशी राहिली?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोटीस काढायला सांगितली. आपल्या नातेवाइकास निवाऱ्यात ठेवून शासकीय सुविधेचा गैरवापर केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. ती नोटीस मी टाइप केली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. टाइप करताना मध्येच उठून साहेबांना सांगता आलं असतं, की हे मी लिहायला सांगितलं. साहेब दहा पावलांवर बसतात. पण माझ्या निवृत्तीला सोळा महिने राहिले होते, आणि चौकशी लागली की पेन्शनचे कागद कसे अडकतात ते मी दुसऱ्यांचे कागद अडकलेले पाहून शिकले होते. मी नोटीस सहीला ठेवली आणि डबा खायला गेले.

नोटीस हातात घेऊन आपा दुसऱ्याच दिवशी आली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो.

"तुम्हीच लिहा खुलासा," ती म्हणाली. "तुमची भाषा साहेबांना कळते."

मी पेन काढलं. आता ही म्हणणार, लिहा, आनंदी मॅडमनी फोनवर सांगितलं. ती म्हणाली तर नाही म्हणायचं की हो म्हणायचं, याचा हिशेब मी मनात करत होते, आणि मला सांगायला लाज वाटते, की उत्तर 'नाही' येत होतं.

आपाने सांगितलं, "लिहा, मुक्ताई माझी बहीण आहे. तिला निवाऱ्यात ठेवलं ही माझी चूक झाली. दवाखान्यातून सुटी मिळाली की मी तिला माझ्या घरी नेते."

"आपा, ते फोनचं..."

"ते नको. लिहा."

मी लिहिलं. तिने सही केली. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, अहो, अशी मनाची माणसं आता राहिली नाहीत. मला वाचवण्यासाठी तिने सगळं स्वतःवर घेतलं असं मी सांगितलं, आणि सांगताना माझे डोळेही भरून आले.

महिनाअखेरीस आपाचं कंत्राट संपलं आणि ते वाढवलं गेलं नाही. त्याच आठवड्यात ती मुक्ताईला घोरपडे पेठेत घेऊन गेली. निवाऱ्यात दुसरी बाई आली. ती नाव पहिल्याच दिवशी लिहून घेते.

मी घोरपडे पेठेत गेले ती थेट सप्टेंबरात. इतके दिवस का गेले नाही याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत, पण त्यातलं एकही खरं नाही. मी सफरचंदं घेऊन गेले. आपा घरी नव्हती. खराडीला एका ऑफिसच्या इमारतीत ती साफसफाईच्या कामाला लागली होती. सकाळी साडेसहाला निघायची, दोन बस बदलायची, परत यायला दिवेलागण व्हायची. दार तरन्नुमने उघडलं. आत भिंतीला टेकून मुक्ताई गवार मोडत बसली होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. अंगाने भरली होती. केस विंचरलेले होते.

"पाणी पिते ना?" मी विचारलं.

"पिते, पण आधी मी पिऊन दाखवायचं, मग ती पिणार," तरन्नुम म्हणाली. "दर वेळी. दिवसातून दहा वेळा. आपा जाते कामाला, मग मीच राहते ना घरात. रात्री मुलं माळ्यावर झोपतात आता." ती आवाज खाली आणून म्हणाली, "वाईट नाही ती, मॅडम. पण मला भीती वाटते. माझे मिस्टर काही बोलत नाहीत, सरकारी कागद आहे म्हणून गप्प बसतात. आपाला तिची जुनी नोकरी परत नाही का मिळणार? म्हणजे ही पण तिकडेच राहील आणि आपाची ती दोन बसची दगदग पण सुटेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कार्यालयात सगळ्यांच्या आधी गेले आणि टिपण लिहिलं. नात्याचा रकाना माझ्या तोंडी सूचनेवरून भरला गेला, त्यात श्रीमती जिनत शेख यांचा दोष नाही. सबब त्यांना कामावर पूर्ववत घ्यावे, व रुग्ण मुक्ताई यांस विशेष बाब म्हणून निवाऱ्यात ठेवण्यास मान्यता मिळावी. विशेष बाब या दोन शब्दांवर माझा फार भरवसा. त्यांच्या जोरावर मी लोकांच्या बदल्या थांबलेल्या पाहिल्या आहेत. टिपण साहेबांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा फार हलकं वाटलं. कित्येक महिन्यांनी चहा गोड लागला.

जेवणाच्या सुटीत मी आपाला फोन केला. मला वाटलं ती रडेल, दुवा देईल.

तिने टिपणात काय लिहिलं ते शब्दाला शब्द विचारून घेतलं. मग म्हणाली, "परत घ्या तो कागद."

"आपा, तुमचं नाव स्वच्छ होईल त्याने."

"माझ्या नावाचं काय करायचंय? ती माझी बहीण नाही असं तुम्ही लिहून दिलंत. मग ती कुणाची? कुणाचीच नाही. आणि जिचं कुणी नाही तिला कुठे पाठवतात, ते पत्र तुम्हीच काढता ना?"

संकट कक्ष सुरू झाला त्याच वेळी एक परिपत्रक निघालं होतं. उपचारानंतर ज्यांचं कुणी नाही त्यांना निवाऱ्यात परत न पाठवता परजिल्ह्यातल्या संस्थेत हलवायचं, म्हणजे निवाऱ्यातल्या जागा अडत नाहीत. उन्हाळ्यात आपाच्याच निवाऱ्यातल्या दोघी तशा गेल्या होत्या. आपा फोन करून चौकशी करायची. तिकडे नोंद क्रमांक विचारायचे आणि नाव सांगितलं तर कोण ते कळायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या सकाळी मला स्वतःचं मन हलकं करायची एवढी घाई झाली होती, की मी विशेष बाब लिहून त्या परिपत्रकावरून सरळ पुढे गेले.

"तुम्हाला काय वाटलं," आपा म्हणाली, "त्या दिवशी बाकावर मी तुमचं नाव का नाही घेतलं?"

मला वाचवायला, असंच मी धरून चालले होते.

"तुमच्यासाठी नाही, ताई. तुमचं नाव आलं असतं तर नातं खोटं ठरलं असतं आणि तिला गाडीत घातलं असतं. जेव्हा बोलायचं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, माझं काम झालं. आता कशाला तोंड उघडलंत?" मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. "परत घ्या तो कागद," ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी धावत साहेबांकडे गेले. या वयात मी कार्यालयात पहिल्यांदाच धावले. साहेबांचा शेरा मारून झाला होता. एरवी माझ्या टिपणाला आठ दिवस लागतात, या वेळी तीन तास पुरले. शेरा असा होता: कंत्राटाची मुदत संपल्याने पूर्ववत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. लिपिकास समज द्यावी. रुग्णाचे नाते सिद्ध होत नसल्याने परिपत्रकानुसार संस्थेत हलवण्याची कार्यवाही करावी.

"साहेब, ती बाई घरात नीट आहे. राहू दे ना. तो हिरवा ठिपका..."

"ठिपक्याची काळजी करू नका, मॅडम," साहेब समजुतीने म्हणाले. "संस्थेत हलवलं तरी पुनर्वसनच. हिरवाच राहतो. आणि तुम्ही प्रामाणिकपणे लिहून दिलंत हे मला आवडलं. जी काय समज द्यायची ती मी तोंडीच दिली असं समजा."

मला शिक्षा म्हणून एवढंच झालं. मी 'थँक यू, सर' म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं, आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

फाईल पुढच्या कार्यवाहीसाठी माझ्याच टेबलावर आली. पत्र मी काढायचं, गाडीला पत्ता मी द्यायचा. घोरपडे पेठेतली गल्ली, दुसरा जिना, मोटार वाइंडिंगच्या दुकानाच्या वर. मला सगळं पाठ आहे. मी फाईल खालच्या खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं. दर सोमवारी सौरभ विचारतो, "मॅम, ती एक केस पेंडिंग दाखवतेय." मी सांगते, पत्त्याची खातरजमा चालू आहे. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा मी संस्थेचं उत्तर आलं नाही म्हणाले. इतकं सरळ तोंडाने खोटं मी कधी बोलले नव्हते. आपा माझा फोन उचलत नाही. उचलावा असं मी काही केलेलंही नाही.

माझ्या निवृत्तीला आता आठ महिने आहेत. तोवर ते पत्र निघत नाही, एवढं माझ्या हातात आहे. त्यानंतर खणाची किल्ली सही करून दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागेल. जन्मभर मी चोख आणि वेळेवर काम करणाऱ्यांचं कौतुक केलं, कामचुकारांना तोंडावर बोलले. आता रोज सकाळी देवापुढे दिवा लावते आणि मागते, की माझ्या खुर्चीवर येणारं माणूस आळशी असू दे.